बाबांच्या गाडीचा अलार्म : दुरुस्तीच्या नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

रात्री पावणेतीनच्या सुमारास गाडीचा सायरन सुरू झाला. बाहेर मुसळधार पाऊस होता; रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडल्याचे सकाळी कळले. पावसाच्या त्या आवाजातही सायरन आमच्या तिसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येत होता. मी खिडकीतून रिमोट दाबून पाहिला, पण काहीच झाले नाही. तीस सेकंदांनी सायरन आपोआप थांबला, मिनिटभराने पुन्हा सुरू झाला आणि असे तीनदा झाल्यावर मी छत्री आणि टॉर्च घेऊन खाली उतरले.

गाडीपाशी उभे राहूनही रिमोट चालेना. त्याचा लाल दिवा अगदी मंद लागत होता. मी चावीने दार उघडले आणि सायरन अधिकच जोमाने वाजू लागला, कारण बाहेरून बसवलेल्या आमच्या या अलार्मला चावीने उघडलेले दार आणि चोराने उघडलेले दार यांतला फरक कळत नाही. कंपनीतून बसवून येणाऱ्या बऱ्याच अलार्मना चावी फिरवून इग्निशन ‘ऑन’ केले की मालकाची ओळख पटते. आमच्या अलार्मला त्यापुढे व्हॅले बटणही (सायरन बंद ठेवण्याचे छोटे बटण) दाबावे लागते. ते कोठे बसवले आहे हे मला आठवेना. बाबा फोनवर सांगत होते, “अगं, क्लचच्या वर, डाव्या अंगाला हात घाल. वायरींच्या मागे छोटं काळं बटण आहे. आधी इग्निशन ऑन कर, इंजिन चालू करू नकोस, आणि मग दाबून धर.” बटण सापडले, सायरन थांबला आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा स्थिर झाला. हा व्हॅले मोड आहे. त्यात सेंट्रल लॉकिंग चालते, पण सायरन वाजत नाही.

या सगळ्यात नऊ मिनिटे गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी शुक्रवारीच बायपास होऊन घरी आल्या आहेत आणि त्यांच्या खोलीची खिडकी बरोबर आमच्या गाडीच्या वर आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि हा सायरन जवळून १०० डेसिबलच्या वर जातो. पण नियमाचा आकडा आठवण्याची गरजच नव्हती. सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली तेव्हा आजी म्हणाल्या, “गाडीचं जाऊ दे गं, मला वाटलं आग लागली.” त्या वाक्यानंतर हे काम पुढच्या रविवारपर्यंत लांबवणे शक्य नव्हते. दोष सापडेपर्यंत रात्री गाडी व्हॅले मोडमध्येच राहील आणि अलार्म फक्त दिवसा, मी घरी असताना, लावून पाहायचा असे ठरवले. त्यासाठी ऑफिसला या महिन्यात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याविषयी कळवले आहे.

९ जुलै, मंगळवार

रिमोट उघडला. आत करंगळीच्या पेराएवढा, २७ए प्रकारचा १२ व्होल्टचा सेल आहे. मल्टिमीटरवर, म्हणजे वीज मोजायच्या यंत्रावर, तो ९.६ व्होल्ट दाखवत होता. स्टेशनजवळच्या घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणला, रिमोटमधल्या पितळी पट्ट्यांवरचा काळा थर खोडरबराने पुसला आणि आता तिसऱ्या मजल्यावरून गाडी प्रतिसाद देते. रिमोट बंद पडल्यामुळे परवा सायरन थांबवता आला नाही एवढेच यातून उलगडते. तो मुळात वाजला का, हा प्रश्न तसाच आहे. या दोन गोष्टी वहीत दोन वेगळ्या पानांवर लिहिल्या आहेत, कारण सेल बदलला म्हणजे काम झाले असे घरात सगळ्यांनाच वाटू लागले होते.

१३ जुलै, शनिवार

आज बॅटरी मोजली. गाडी मंगळवारपासून उभी होती. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली असे समजतात. आमचे वाचन १२.१८ आले. इंजिन सुरू केल्यावर टर्मिनलवर १४.१ व्होल्ट मिळाले, म्हणजे आल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे यंत्र) नीट भरतो आहे. बॅटरी चार वर्षांची आहे आणि बाबांचे मत असे की तीच म्हातारी झाली. व्होल्टेज खाली गेल्याने अलार्म युनिट गोंधळून वाजते, हे खरोखर घडते आणि तक्रारींच्या कारणांत ते बरेच वरचे आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे बाजूला टाकण्यासारखे नव्हते. रात्रभर चार्जर लावून ठेवला आहे.

सायरन वाजल्यानेच बॅटरी उतरली असेल का, याचा हिशेब करून पाहिला. अलार्मबरोबर चारही इंडिकेटर लुकलुकतात. २१ वॅटचे चार बल्ब म्हणजे ८४ वॅट, १२ व्होल्टवर सात अँपिअर. ते अर्धा वेळच पेटलेले असतात, पण सायरन धरून सात अँपिअरच समजू. सोमवारी रात्री सगळे मिळून नऊ मिनिटे वाजले असे मानले तरी खर्च एका अँपिअर-तासाच्या थोडा वर जातो. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. तेव्हा सायरनने बॅटरी निम्मी केलेली नाही. वीज दुसरे कोणीतरी, शांतपणे आणि पुष्कळ वेळ, खाते आहे.

दुपारी अलार्मची जुनी पुस्तिका सापडली. युनिट २०१२ साली बसवले, त्या वर्षी कंपाउंडमधल्या एका गाडीतला स्टिरिओ चोरीला गेला होता. पुस्तिकेतून वहीत उतरवून घेतलेले असे : चारही दारांच्या आणि डिकीच्या पिन-स्विचच्या (दार उघडल्याचे कळवणाऱ्या छोट्या स्विचच्या) वायरी डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांमधून, एकत्र होऊन युनिटच्या एकाच प्रवेशावर (इनपुटवर) येतात. बॉनेटचा स्विच वेगळा आहे. धक्का ओळखणारा सेन्सर डॅशबोर्डच्या आत आहे. इंजिन-कटचा रिले, म्हणजे चोराला इंजिन सुरू करू न देणारा विजेवरचा स्विच, इग्निशनच्या वायरीत आहे. आणि सर्वांत उपयोगी ओळ अशी की अलार्म वाजून गेल्यावर रिमोटने बंद केला, तर लाल दिवा किती वेळा लुकलुकतो यावरून कारण कळते. दोनदा म्हणजे धक्का, तीनदा म्हणजे दार किंवा डिकी, चारदा म्हणजे बॉनेट, पाचदा म्हणजे इग्निशन. इग्निशन ‘ऑन’ केले की ही आठवण पुसली जाते. सोमवारी रात्री मी नेमके तेच केले होते.

१४ जुलै, रविवार

सकाळी भरलेली बॅटरी १२.६४ व्होल्टवर होती. साडेनऊला अलार्म लावला, अकरा वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. गाडीजवळ कोणी नव्हते, मांजरही नव्हते. बॅटरी कमजोर असल्याचा संशय येथे संपला. मी रिमोटने बंद केला आणि काचेला डोके टेकवून दिवा मोजला. तीन. पुन्हा खात्री करण्यासाठी बंद-चालू केला. तीन.

म्हणजे दार किंवा डिकी. पिन-स्विचची रचना साधी आहे. दार उघडले की स्प्रिंगने पिन बाहेर येते, आतली पट्टी गाडीच्या लोखंडाला टेकते, दिव्याचे सर्किट पूर्ण होते आणि त्याच क्षणी अलार्मला कळते की दार उघडले. दार मिटले की पिन दाबली जाते आणि पट्टी सुटते. आमची इमारत दादर पश्चिमेला समुद्रापासून पाच मिनिटांवर आहे. येथे सायकलची साखळीसुद्धा दोन पावसाळ्यांत तांबूस होते, तेव्हा दारांच्या खाचेत बारा वर्षे बसलेले स्विच गंजले असतील हाच माझा पहिला अंदाज होता. ड्रायव्हरच्या बाजूचा स्विच काढला तेव्हा त्याच्या पाठीवर हिरवट पांढरा थर होता आणि पिन दाबल्यावर परत यायला आळस करत होती. पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि शेवटी व्हॅसलीनचा पातळ हात असे करून चारही दारांचे स्विच साफ केले. प्रत्येक दार वीस वेळा उघडून मिटून आतला दिवा पाहिला. डिकी मिटून वरून दोन्ही हातांनी दाबली आणि तीही ठीक असल्याची खूण वहीत केली.

१७ जुलै, बुधवार

आज आषाढी एकादशी, शिवाय मोहरमची सुट्टी असल्याने दिवसभर अलार्म लावता आला. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी वाजला. दिवा पुन्हा तीनदा. चार दारांवर घालवलेला रविवार वाया गेला असे मी म्हणणार नाही, ते स्विच साफ व्हायलाच हवे होते. पण कारण ते नव्हते.

एक निरीक्षण : सकाळी अलार्म लावताना गाडीने नेहमीच्या एका ‘टुक’ऐवजी तीनदा आवाज केला. मी आत डोकावले, छताचा दिवा बंद होता, म्हणून दुर्लक्ष केले. बाबा म्हणाले की पावसाळ्यात ती कधी कधी तीनदा करते.

२० जुलै, शनिवार

बाबांच्या आग्रहाने गाडीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने गाडीला एक फेरी मारली, काचेवर थाप मारली, सायरन वाजला आणि त्याने निकाल दिला की सेन्सर खराब आहे. “मॅडम, जुना माल आहे. सायरनची वायर कापून टाकतो, नाहीतर पूर्ण किट नवीन घ्या.” मी दिव्याचे तीन लुकलुकणे सांगितले, पुस्तिकाही दाखवली. त्याने ती हातात घेतली नाही. वीस वर्षांचा हात असलेला माणूस आहे आणि घाईत आहे. मला त्याचा राग आला नाही, पण कापायला मी नकार दिला.

नकाराची कारणे येथे नोंदवून ठेवते, कारण घरात हाच पर्याय पुन्हा निघेल. सायरन कापला तरी इंडिकेटर लुकलुकत राहतात, युनिट जागे राहते आणि बॅटरी खाणारा जो कोणी आहे तो खातच राहतो. युनिटचा फ्यूज काढला तर आमच्या गाडीत इंजिन-कटचा रिले जोडला जात नाही आणि गाडी सुरूच होत नाही. हे मी आज फ्यूज काढून तपासले. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सैल करून काढणे हा अगदी अडचणीच्या वेळचा खात्रीचा उपाय आहे. मात्र काही सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, मुख्य वीज तुटताच ते उलट वाजू लागतात आणि त्यांना सायरनच्याच अंगावरच्या लहान चावीने बंद करावे लागते. आमचा सायरन तसा नाही.

आणि मुख्य कारण असे की हे युनिट बारा वर्षे नीट चालले. जे युनिट प्रत्येक वेळी तीनदाच लुकलुकते ते बिघडलेले आहे असे मला वाटत नाही. त्याच्या त्या वायरीवर खरोखरच काहीतरी येते आहे.

२१ जुलै, रविवार

आज गुरुपौर्णिमा. सकाळी सरांना फोन करून झाल्यावर खाली गेले आणि उभी गाडी किती वीज घेते ते मोजले.

पद्धत अशी : चारही दारे आणि डिकी मिटलेली, चावी बाहेर, अलार्म बंद. बॉनेट उघडून निगेटिव्ह टर्मिनल काढायचे, मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत घालायची आणि मीटर टर्मिनल व बॅटरीचा खांब यांच्या मधे जोडायचा. वीज परत मिळताच आमचा अलार्म एकदा वाजतो, म्हणून रिमोट हातात ठेवून जोडणी केली आणि आजींच्या घरी आधी सांगून ठेवले. मीटर मधे असताना चुकूनही चावी फिरवायची नाही, इंजिनाच्या स्टार्टरला लागणारा प्रवाह मीटरला झेपत नाही आणि त्याचा फ्यूज जातो. त्यानंतर अर्धा तास हात लावायचा नाही, म्हणजे गाडीतली सगळी युनिट झोपी जातात.

अर्ध्या तासाने मीटरवर ०.०३ अँपिअर होते. तीस मिलिअँपिअर. उभ्या गाडीने ५० मिलिअँपिअरपर्यंत घेणे साधारण मानले जाते, तेव्हा हे उत्तम वाचन होते आणि मी फार निराश झाले. चोर घरात नाही असे मीटर सांगत होता आणि बॅटरी मात्र उतरत होती.

मी पायरीवर बसून वही लिहीत होते. वॉचमनकाका चहा घेऊन आले आणि बोलता बोलता डिकीला टेकून उभे राहिले. पाच-सात मिनिटे गप्पा झाल्या. गेटवर कोणीतरी हॉर्न दिला, तसे ते उठून गेले, आणि गाडी मागच्या बाजूला किंचित वर आली. त्याच क्षणी माझी नजर मीटरवर होती. ०.०३ चे ०.४३ झाले.

मी हलले नाही. आकडा तसाच राहिला. मग काकांना हाक मारून पुन्हा टेकायला सांगितले. त्यांनी विचारले, “ताई, काय बिघडवलं का मी?” ते टेकले, आकडा ०.०३ वर आला. ते उठले, तो बहुतेक वेळा ०.०३ वरच राहिला, पण पाचव्या-सहाव्या खेपेला पुन्हा ०.४३ झाला. फरक ०.४० अँपिअरचा. १२ व्होल्टने गुणले की साधारण पाच वॅट होतात आणि या गाडीत डिकीचा दिवा पाच वॅटचा आहे. दोन्ही टोकांना टोपी असलेला, कॅप्सूलसारखा बल्ब. डिकी मिटलेली असताना आत दिवा जळत होता आणि तो बाहेरून दिसणे शक्यच नव्हते.

छताचा दिवा आणि डिकीचा दिवा यांची सर्किट वेगळी आहेत. बुधवारी मी छताचा दिवा बंद पाहून समाधान मानले ती चूक होती. गेल्या रविवारी डिकी तपासली तेव्हा मी ती दोन्ही हातांनी दाबली होती, आणि दाबल्यावर हा दोष लपतो. हात काढल्यावर काय होते ते मी पाहिलेच नाही.

आता सगळे जुळते. दिवा सतत जळता तर २४ तासांत दहा अँपिअर-तास गेले असते आणि बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत संपली असती. तो मधून मधून जळतो म्हणून ती निम्म्यावर राहते. आणि अलार्म लावताना दिवा लागलेला असेल तर युनिटला डिकी उघडी दिसते, ते तीनदा ‘टुक’ करून तसे सांगते आणि तो प्रवेश तेवढ्यापुरता सोडून देते. पुढे वाऱ्याने किंवा गार हवेने डिकी केसभर हलली की स्विच सुटतो, युनिटला वाटते आता मिटली. पुन्हा हलली की लागतो आणि युनिटच्या दृष्टीने कोणीतरी डिकी उघडलेली असते. ते जे सांगत होते ते खरेच होते.

२५ जुलै, गुरुवार

खात्रीसाठी संध्याकाळी मोबाइलवर चित्रण सुरू करून तो डिकीत ठेवला आणि डिकी मिटली. बाहेर पाऊस आणि वारा होता. चाळीस मिनिटांच्या चित्रणात पहिली अकरा मिनिटे काळोख आहे, मग दिवा लागतो, बाबांच्या जुन्या बॅडमिंटन रॅकेटचे कव्हर आणि जॅक पिवळ्या उजेडात दिसतात, आणि चार मिनिटांनी पुन्हा काळोख होतो. असे तीन वेळा. चित्रण बाबांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बीडिंग बदललं ना आपण जूनमध्ये. तेव्हापासून डिकी जरा जोरात आपटावी लागते.”

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. पावसाळ्याआधी डिकीत पाणी येत होते म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात रबराचे बीडिंग नवे बसवले होते. नवे रबर जाड आणि ताठ असते, ते झाकणाला बाहेर ढकलते.

२८ जुलै, रविवार

काल ऑपेरा हाउसच्या बाजारातून नवा पिन-स्विच आणला. दुकानदाराला जुना स्विच दाखवला तर तो लगेच म्हणाला की याची टोपी झिजली आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. जुन्या पिनेच्या टोकाचे प्लास्टिक दीड मिलिमीटर खाली गेलेले आहे आणि त्याला मधोमध खळगा पडला आहे.

नुसता स्विच बदलून आजचा दिवस निभावला असता, पण मला अंतर मोजायचे होते. मिटलेल्या डिकीच्या आत पट्टी घालता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरातून घट्ट मळलेल्या कणकेची गोळी आणली, ती पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्विचच्या शेजारी पत्र्यावर ठेवली, डिकी मिटली, उघडली आणि दबलेल्या गोळीची जाडी मोजली. ११ मिलिमीटर. जुना स्विच बाकावर घेऊन मल्टिमीटरच्या बीपवर तपासला : पिन पत्र्यापासून ११ मिलिमीटरपर्यंत दाबली की सर्किट तुटते. डिकी आणि स्विच नेमके उंबरठ्यावर उभे होते. दोन दोष मिळून हे झाले होते, झिजलेली टोपी आणि जाड बीडिंग. त्यांतला एकच असता तर कदाचित काहीच कळले नसते.

डिकीचे कुलूप ज्या कडीत अडकते ती कडी दोन बोल्टवर बसते आणि तिच्या भोकांत सरकायला थोडी जागा असते. आधी पेन्सिलने मूळ जागेची रेघ मारली, बोल्ट सैल केले, कडी दीड मिलिमीटर खाली सरकवली आणि घट्ट केली. पहिल्या खेपेला ती वाकडी बसली, डिकी एका कोपऱ्यात घासू लागली. पुन्हा सैल करून सरळ केली. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या बीडिंगवर चहूबाजूंनी ठेवून डिकी मिटली आणि एकेक ओढून पाहिली. प्रत्येक पट्टी अडखळत निघाली पाहिजे. उजव्या वरच्या कोपऱ्यात एक सहज निघाली, म्हणजे तेथून पाणी येईल. तेथे बीडिंग नीट बसलेच नव्हते, ते अंगठ्याने दाबून बसवले. कणकेची गोळी आता साडेनऊ मिलिमीटर दाखवते. नव्या स्विचचे टोक उंच असल्याने तो साडेबारालाच सुटतो. म्हणजे तीन मिलिमीटरची सवलत मिळाली.

स्विचमागची अर्थिंगची जागा खरवडून स्वच्छ केली, स्क्रू बदलला, व्हॅसलीन लावले. संध्याकाळी पुन्हा मीटर जोडला. वॉचमनकाका स्वतःहून येऊन दहा वेळा टेकले आणि उठले. आकडा ०.०३ वरून हलला नाही. अलार्म लावला : एक ‘टुक’.

६ ऑगस्ट, मंगळवार

नऊ दिवस शांत गेले. आज सकाळी बेस्टची बस गेटसमोर खड्ड्यात आदळली आणि सायरन वाजला. दिवा दोनदा लुकलुकला. हे वेगळे कारण आहे आणि वेगळ्या पानावर लिहिले आहे.

११ ऑगस्ट, रविवार

धक्क्याचा सेन्सर पाहण्यासाठी ग्लव्ह बॉक्स काढला. काड्यापेटीपेक्षा लहान डबी, आत पिझो तबकडी, जी कंपनाने किंचित वीज निर्माण करते. ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर लावली होती. बारा उन्हाळ्यांत टेपचा गोंद सुकून पिवळी पूड झाली होती आणि डबी नुसती आपल्या वायरीला लोंबकळत होती, त्यामुळे गाडी जरा हलली की ती आतल्या प्लास्टिकवर आपटे. इलेक्ट्रिशियनच्या थापेने सायरन का वाजला हे आता कळले. सेन्सरविषयीचा त्याचा संशय अगदीच निराधार नव्हता, फक्त रात्रीच्या त्रासाचे कारण ते नव्हते.

डबी डॅशबोर्डच्या मागच्या लोखंडी आडव्या पट्टीवर दोन केबल टायने घट्ट बांधली. तिच्यावर संवेदनशीलतेचा छोटा स्क्रू आहे. तो आधी पूर्ण उलटा फिरवून कमीत कमी केला आणि मग थोडा थोडा वाढवत नेला. सोसायटीच्या ग्रुपवर पाच ते साडेपाच ही वेळ कळवून चाचणी घेतली. काचेवर बोटांनी टकटक केल्यास काही होऊ नये, तळहाताच्या थापेला एक इशारा यावा आणि मुठीच्या ठोक्याला पूर्ण सायरन वाजावा, अशी पातळी ठरवली. टायरवर लाथ मारून पाहायची बाबांची सूचना मान्य केली. तेथेही फक्त इशारा आला. स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकला आहे, म्हणजे तो आपोआप फिरणार नाही.

आजींच्या मुलाला विचारून आज रात्रीपासून अलार्म पुन्हा रात्रीही लावायचा ठरले.

२८ ऑगस्ट, बुधवार

काल दहीहंडी होती. दुपारपासून रात्रीपर्यंत आमच्या गल्लीतून ट्रक, ढोल आणि स्पीकर गेले. खिडकीची तावदाने थरथरत होती. गाडी गेटपासून दहा पावलांवर अलार्म लावून उभी होती आणि मी खिडकीत वही घेऊन बसले होते. चार वाजून वीस मिनिटांनी एक इशारा, सहाला दुसरा, दोन्ही फटाक्यांच्या वेळी. सायरन एकदाही वाजला नाही.

आज सकाळी, चार दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.५८ व्होल्ट होती. डिकी कोरडी आहे.

वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत एक कागद लावला आहे : कोणत्या फ्लॅटची गाडी, कोणाला फोन करायचा, जादा चावी कोणाकडे आहे, इग्निशन ‘ऑन’ करून व्हॅले बटण कोठे दाबून धरायचे. बाबांनी तो वाचून ‘क्लचच्या वर’च्या पुढे ‘डाव्या अंगाला’ असे स्वतःच्या हाताने लिहिले. रिमोटचा जादा सेल कागदाच्या मागे टेपने चिकटवला आहे.